आधी मोरी, मग पंगत: उजेडावर न जगणाऱ्या प्रवाळांची टाकी

मंगळासाठी बोटात घालतात ते पोवळं आठवा. भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत वाढणाऱ्या लाल प्रवाळाचा तो सांगाडा. उन्हावर या प्राण्याचं पोट भरत नाही. प्रवाहातून वाहत येईल ते पकडायचं आणि खायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. म्हणजे आपल्या आज्या ज्याला पोवळं म्हणून ओळखत होत्या, तो जीव नेमका या लेखाच्या विषयातला आहे.

रीफ टाक्यांत, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाक्यांत, दिसणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडातून साखर तयार करतं आणि त्यातली बरीचशी भाडं म्हणून घरमालकाला देतं. आपल्याला ज्यांची टाकी करायची आहे त्यांच्या घरात असा भाडेकरूच नाही. हौशी मंडळी त्यांना एनपीएस, म्हणजे नॉन-फोटोसिंथेटिक, म्हणतात. आणि गंमत बघा, यांतल्या सगळ्यांत लोकप्रिय प्रवाळाचं नाव सन कोरल; तो उघडतो मात्र अंधार पडल्यावर.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहतो. माझी 250 लिटरची टाकी आता चौथ्या वर्षात आहे. लोक बघायला येतात आणि म्हणतात, बरं आहे, महागड्या एलईडीचा खर्च वाचला. वाचला खरा, पण तोच पैसा आणि वर रोजचा पाऊण तास खाऊ घालण्यात जातो. साध्या रीफ टाकीत आठवडाभरात जेवढं अन्न पडतं तेवढं इथे एका दिवसात पडतं. त्यामुळे या टाकीत प्रश्न दोनच: अन्न प्रत्येक तोंडापर्यंत कसं पोचवायचं, आणि उरलेलं उष्टं बाहेर कसं काढायचं. माझा अनुभव असा, की बहुतेक जण पहिल्या प्रश्नात अडकतात आणि टाकी मरते ती दुसऱ्यामुळे. म्हणून क्रम उलटा धरा: आधी मोरी, मग स्वयंपाकघर, आणि पाहुणे सगळ्यांत शेवटी.

भारतात असाल तर आधी हे

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, ऑर्गन पाइप कोरल आणि फायर कोरल येतात. वाघाच्या पंगतीत बसवलेत त्यांना. सन कोरल हाही दगडी प्रवाळच. देवघरासाठी ‘इंद्रजाल’ म्हणून जी काळी जाळीदार फांदी विकतात, ती वनस्पती नसून काळा प्रवाळ किंवा समुद्रपंखा असतो, आणि ती बाळगणं हा गुन्हा आहे. मालवणला जाळ्यात अडकून आलेला समुद्रपंखा ‘मेलेलाच तर होता’ म्हणून घरी आणणं हेही त्यातच आलं. 2022 च्या दुरुस्तीनंतर सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतले परदेशी जिवंत प्राणी पाळणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. तेव्हा पुण्या-मुंबईत बसून कोणी स्वस्तात सन कोरल देतो म्हणाला, तर हात जोडून निघून या.

युरोपात आणि अमेरिकेत कायदेशीर मार्ग आहे, पण दगडी प्रवाळ सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे दुकानदाराकडून पावती आणि परवान्याचा तपशील मागून घ्यावा. चांगला दुकानदार न मागता देतो.

पाहुण्यांची यादी कागदावर करा

विकत अजून काही घ्यायचं नाही, फक्त ठरवायचं. कारण तोंडाचा आकार ठरला की अन्न ठरतं, आणि अन्न ठरलं की मोरी ठरते.

नवशिक्यासाठी सन कोरल, म्हणजे ट्युबास्ट्रिया, आणि त्याचे भाऊबंद डेंड्रोफिलिया व बॅलॅनोफिलिया. यांचे पॉलिप, म्हणजे वसाहतीतले एकेक तोंडवाले जीव, मोठे, तोंड नखाएवढं, मायसिस नावाची बारीक कोळंबी ते आख्खी गिळतात. तुकडा तोंडात गेला की नाही हे डोळ्यांनी दिसतं, आणि शिकताना यासारखी सोय नाही. काळसर हिरव्या, झाडासारख्या फांद्यांचा ट्युबास्ट्रिया मायक्रँथा मला नारिंगीपेक्षाही आवडतो, पण तो मोठा होतो आणि त्याला प्रवाह जास्त लागतो.

दुसऱ्या पायरीवर काही गोर्गोनियन, म्हणजे समुद्रपंखे. कॅरिबियनकडची डायोडोगोर्जिया आणि स्विफ्टिया, इंडो-पॅसिफिकमधली मेनेला. यांना बारीक अन्न दिवसातून अनेकदा लागतं. चिली कोरल या नावाने विकली जाणारी लाल मिरचीसारखी नेफ्थिगोर्गिया मऊ प्रवाळांत त्यातल्या त्यात सोशीक.

तिसरी पायरी डेंड्रोनेफ्थिया आणि स्क्लेरोनेफ्थिया. गुलाबी, जांभळे, काचेच्या देठांवर फुललेल्या फुलकोबीसारखे. दुकानात यांच्यासमोरून पाय निघत नाही. माझी पहिली खरेदी हीच होती. दुकानदार म्हणाला होता, उजेड लागत नाही, सोपा आहे. सातव्या आठवड्यात ते गुलाबी झाड मुठीएवढं, मग बोराएवढं झालं, आणि एका सकाळी पंपाच्या जाळीवर चिकटलेलं सापडलं. मी त्याला रोज आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे इवले जीव, घालत होतो. 1995 साली कॅथरिना फॅब्रिसियस, येहुदा बेनायाहू आणि अमात्झिया गेनिन यांनी तांबड्या समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियाचा अभ्यास करून दाखवून दिलं होतं, की त्याची भूक मुख्यतः सूक्ष्म वनस्पती-प्लवकावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या शैवालावर, भागते. म्हणजे मी शाकाहारी पाहुण्याला दीड महिना सुक्याची आमटी वाढत होतो.

पहिल्या वर्षी पहिली पायरी. दुसऱ्या वर्षी दुसरी. तिसरीकडे जायलाच हवं असं नाही.

मोरी

100 × 50 × 50 सेंटीमीटरची टाकी एका माणसाला झेपते. याहून लहान टाकीत चूक सावरायला वेळ मिळत नाही, आणि याहून मोठीत प्रत्येक पॉलिपपर्यंत ड्रॉपर पोचवताना पाठ धरते. तळ उघडा ठेवा, वाळू नको. वाळूत अडकलेला मायसिस दोन दिवसांत काय करतो ते वासावरून कळतं. दगडही कमी: एक कमान, एक आडवी कपार, आणि मागच्या काचेला टेकणारं काही नको, म्हणजे केर मागे साचत नाही. दगड काचेवर थेट न ठेवता अॅक्रिलिकच्या कांड्यांवर दोन-तीन सेंटीमीटर उचलून ठेवले, तर खालून प्रवाह फिरतो आणि नळीने केर ओढता येतो.

खाली 70-80 लिटरचा सम्प, म्हणजे पाणी गाळणारी दुसरी टाकी. त्यात प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून घाण काढणारं यंत्र, टाकीच्या मानाने दुप्पट-तिप्पट मोठा घ्या. 250 लिटरसाठी 600-700 लिटरचा म्हणून विकतात तो. इथे कंजूषी करू नका. स्किमर घाण काढतो आणि वर पाण्यात हवाही मिसळतो. भरपूर अन्न पडलेल्या टाकीत रात्री जिवाणू प्राणवायू भराभर संपवतात, आणि मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. सम्पच्या एका कप्प्यात किटोमॉर्फा शैवालाचा गुंता आणि त्यावर साधा दिवा. तो वाढतो, आपण मूठभर उपटून फेकतो, त्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट बाहेर जातं. फॉस्फेटसाठी लोहयुक्त शोषकाची छोटी नळकांडी, सोबत सक्रिय कोळसा.

नायट्रेट तरीही चढत राहिलं तर व्हिनेगर. पाण्यात थोडं थोडं व्हिनेगर सोडलं की त्यावर जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतात, आणि ते जिवाणू काही स्किमरमध्ये जातात तर काही प्रवाळांच्या पोटात. माझ्या टाकीला दिवसाला 2 मिलीने सुरुवात केली आणि दर आठवड्याला 1 मिलीने वाढवत नेलं. काचेवर पांढरी बुळबुळीत साय दिसली की समजायचं, जास्त झालं. बदल हळूहळू केला नाही तर पाणी दुधाळ होतं आणि प्राणवायू पडतो.

या सगळ्याच्या वर दर रविवारी 40 लिटर पाणी बदलायचं. आरओ-डीआय गाळणीच्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेल्या पाण्यात मीठ मिसळून केलेलं. याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

रंगीत तालीम

टाकी भरली, कोरडे दगड ठेवले, घाण पचवणारे बाटलीतले जिवाणू आणि थोडा अमोनिया घातला की चार ते सहा आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतं. साध्या टाकीत इथे प्रवाळ आणायला हरकत नसते. इथे थांबा.

पुढचा महिना रिकाम्या टाकीला जेवू घाला. पुढे जेवढं घालणार आहात त्याच्या पाव भागापासून सुरुवात, आठवड्याला पाव वाढवत पूर्ण ताटापर्यंत. दर दोन दिवसांनी नायट्रेट-फॉस्फेट तपासा. पूर्ण ताटावर दोन आठवडे नायट्रेट 20 पीपीएमच्या खाली आणि फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या आत राहिलं, तर तुमची मोरी तयार. नाही राहिलं, तर कोणाचाही जीव न जाता ते कळलं. हा सल्ला ऐकून लोक हसतात, कारण रिकाम्या काचेत कोळंबी टाकताना वेड्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं.

प्रवाह

यांच्यासाठी प्रवाह म्हणजे वाढपी. सन कोरलला मध्यम आणि दिशा बदलणारा पुरतो. गोर्गोनियनना एकाच दिशेने वाहणारा रुंद पट्टा आवडतो, आणि त्यांचा पंखा त्या पट्ट्याला आडवा लावायचा, उघडलेल्या हातासारखा. एका टोकाला वरच्या बाजूला रुंद झोत सोडणारा गायर पंप बसवला की पाणी वरून पुढे जातं, समोरच्या काचेला आपटून खालून परत येतं आणि अन्न पुन्हा पुन्हा त्याच तोंडांसमोरून फिरतं. तपासायला चिमूटभर मायसिस सोडा आणि एकाच तुकड्यावर नजर ठेवा. तो एखाद्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर उद्याची घाण तिथेच साचणार, दगड हलवा. सूक्ष्म जाळीची मोज्यासारखी पिशवी किंवा रोलर फिल्टर असेल तर जेवणाच्या वेळेला बाजूला काढा, नाहीतर अर्धं ताट तोच जेवतो.

सन कोरलची संध्याकाळ

दुकानातून आणलेला सन कोरल बहुधा उपाशीच असतो. दोन पॉलिपांमधली नारिंगी कातडी आक्रसून पांढरा सांगाडा डोकावत असेल, तर तो बराच काळ भुकेला आहे. त्यातून तो सावरतो, पण उघडायला आठवडा-दोन आठवडे घेतो.

घरी त्याला कपारीच्या छताला उलटा किंवा बाजूला कडेवर लावा. वर तोंड करून ठेवला की केर अंगावर बसतो आणि शैवाल पॉलिपांमध्ये शिरतं. मग रोज एकाच वेळी, माझ्याकडे संध्याकाळी साडेसातला, पुढचा क्रम.

गोठवलेली मायसिस आणि त्याहून बारीक सायक्लॉप्स टाकीच्याच पाण्यात वितळवून घ्या. वितळलेलं पाणी चहाच्या बारीक गाळणीतून गाळा आणि त्यातला चमचाभर रस प्रवाळाच्या वरच्या अंगाला सोडा. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर पाठवणारा) आणि स्किमर बंद, टायमरवर, म्हणजे चालू करायचं विसरणार नाही. आता पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. आधी पॉलिप फुगतात, चाफ्याच्या कळीसारखे घट्ट. मग कडेला पिवळसर ठिपके दिसतात, ती शुंडकांची टोकं. आणि मग, तुम्ही चहाचा कप ठेवायला वळता तेवढ्यात, सगळं झेंडूसारखं उघडलेलं असतं.

उघडले की प्रवाह पूर्ण थांबवा. लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा वरचा भाग कापून घुमटासारखा प्रवाळावर ठेवायचा आणि बाटलीच्या तोंडातून लांब ड्रॉपरने अन्न सोडायचं. घुमटाच्या आत ते तरंगत राहतं आणि मासे बाहेरून घुमटाला नाक लावून बसतात. एका पॉलिपला एक-दोन मायसिस पुरेत. शुंडकं तुकडा धरतात, मध्याकडे वाकवतात, तोंड फाकतं आणि तुकडा आत. वीस मिनिटांनी घुमट काढा, उरलेलं नळीने ओढून घ्या, पंप सुरू.

न उघडणाऱ्या हट्टी वसाहतीला टाकीच्या पाण्याने भरलेल्या डब्यात काढा, रस घाला आणि अर्धा तास अंधारात ठेवा. डबा तेवढ्या वेळात गार पडू देऊ नका. प्रत्येक तोंडाला आठवड्यातून तीनदा तरी घास मिळायलाच हवा. सावरायला लागलेल्याला रोज.

बारीक तोंडांचं जेवण

इथे मापं कळणं महत्त्वाचं. नॅनोक्लोरॉप्सिस शैवालाची पेशी दोन-तीन मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आयसोक्रायसिस पाचच्या आसपास, टेट्रासेल्मिस दहाच्या. रोटिफर हा सूक्ष्म प्राणी शंभर ते तीनशे मायक्रॉन. नुकतं जन्मलेलं आर्टेमिया जवळजवळ अर्धा मिलिमीटर. गोर्गोनियनना रोटिफर, कॉपेपॉड या इवल्या कवचधारींची पिल्लं आणि बारीक कोरडं प्लवक चालतं; डेंड्रोनेफ्थियाला मुख्यतः शैवाल, तेही सतत. दिवसातून दोनदा ओतलेला पेला त्याच्या उपयोगाचा नाही.

शैवाल घरी वाढवणं सोपं आहे. दोन लिटरच्या बाटल्या, 1.020 घनतेचं खारं पाणी, एफ/2 हे शैवालाचं खत, हवेची नळी, जवळ ट्यूबलाइट. आठवड्यात पाणी पालकाच्या सुपासारखं होतं. अर्धं काढा, अर्धं नव्याने भरा. रोटिफरची बादली मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. ड्रॉपर एकच वापरलात तर रोटिफर शैवालाच्या बाटलीत शिरतात आणि दोन दिवसांत ती पांढरी करतात.

सतत भरवायला लहान फ्रिज, त्यात चुंबकी ढवळणीवर अन्नाचा चंबू आणि बाहेर मोजून सोडणारा डोसिंग पंप. दर तासाला काही मिली. नळीचं टोक पाण्याच्या वर राहू दे, बुडवू नका, नाहीतर खारं पाणी उलटं ओढलं जातं. नळ्या दर आठवड्याला गरम पाण्याने धुवा. आतून साबुदाण्याच्या खिरीसारखा थर बसतो. चंबूत तीन दिवसांपेक्षा जास्त साठा नको. हे मी शिकलो ते असं: लांब सुट्टीच्या शनिवार-रविवारी फ्रिजचा प्लग ढिला झाला, अन्न सडलं, आणि पंप बिचारा इमानाने ते दर तासाला टाकीत सोडत राहिला. सोमवारी रात्री दार उघडलं तेव्हा जिन्यातच वास आला. स्विफ्टिया गेली, दोन अँथियस मासे गेले. सन कोरल वाचले. तेव्हापासून फ्रिजमध्ये तापमान वाढलं की पंपाची वीज तोडणारा थर्मोस्टॅट आहे, वीसेक युरोंचा.

आकडे

तापमान 24 अंश. दोन अंश कमी चालेल, जास्त नको, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि अन्न लवकर सडतं. खारेपणा 35 पीपीटी, अल्कलिनिटी (सांगाड्यासाठी लागणाऱ्या कार्बोनेटचं माप) 7 ते 9 डीकेएच, कॅल्शियम 400 ते 440 पीपीएम, मॅग्नेशियम 1300 पीपीएमच्या आसपास. उजेड नसला तरी सन कोरल चुनखडीचा सांगाडा बांधतो, त्यामुळे नीट खाऊ घातलेल्या टाकीत अल्कलिनिटी उतरते. उतरत असेल तर खूश व्हा.

चोर

क्लीनर श्रिम्प दिसायला गोड, पण तो पॉलिपच्या तोंडात हात घालून गिळलेला घास बाहेर काढतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय. माझ्याकडे आता तो नाही; उष्टं उचलायला तारामाशासारखे ब्रिटल स्टार आहेत. अँथियससारखे दिवसभर चरणारे मासे या टाकीत सुखी असतात, बटरफ्लाय फिश मात्र पॉलिपच खातो. आयप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाला हे भरलेलं ताट म्हणजे माहेर. पहिला दिसला त्याच दिवशी मारा.

आणि नवीन सन कोरल भिंगाखाली बघितल्याशिवाय टाकीत सोडू नका. फेस्टिला नावाच्या समुद्री गोगलगायींतली एक जात फक्त यांच्यावर जगते आणि खाल्लेल्या प्रवाळाचाच नारिंगी रंग घेते, त्यामुळे दिवसा समोर असून दिसत नाही. पिवळ्या शंखाची एक वेंटलट्रॅप गोगलगायही तशीच. तिच्या पिवळ्या अंड्यांचे पुंजके सांगाड्याच्या खालच्या बाजूला असतात. रात्री लाल टॉर्चने बघा, चिमट्याने काढा, अंडी टूथब्रशने खरवडा, प्रवाळ आयोडीनच्या पाण्यात बुडवा आणि दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

अंडी म्हणून सगळंच नारिंगी मात्र खरवडू नका. पोट भरलेला सन कोरल अळ्या सोडतो, तांदळाच्या कणीएवढ्या, आणि त्या काचेवर, पंपाच्या पाठीवर, कुठेही घर करतात. म्हणूनच त्याचा तुकडा किंवा टाकीचं पाणी समुद्रात, खाडीत कधी जाऊ देऊ नये. मूळचा इंडो-पॅसिफिकचा हा प्रवाळ कॅरिबियनमध्ये 1943 साली नोंदला गेला आणि पुढे तेलविहिरींच्या सांगाड्यांवरून ब्राझीलच्या किनाऱ्यावर पसरून तिथे डोकेदुखी होऊन बसला आहे.

गावी जाताना

तीन आठवडे सांगलीला जायचं असतं तेव्हा मी डोसिंगचा चंबू बंद करतो, गोर्गोनियनसाठी रोज दोन चिमटी कोरडं प्लवक ऑटोफीडरवर लावतो, आणि शेजारच्या मुलाला फ्रीझरमध्ये बर्फाचे ट्रे दाखवतो. प्रत्येक कप्प्यात एका वेळचं, वर तारीख. सन कोरलना आठवड्यातून तीनदा, घुमट वापरून, तो शिकलाय. स्किमरचा पेला रोज रिकामा करायचा. दारावर चिठ्ठी असते: एखादा दिवस चुकला तर चुकू दे, भरपाई म्हणून दोन कप्पे एकदम टाकू नकोस. गेल्या वेळी परत आलो तेव्हा चार कप्पे शिल्लक होते, आणि नायट्रेट नेहमीपेक्षा कमी.